धानाचा डबा

समीक्षाने आमच्या जुन्या गाण्यातून आधी गिटार काढली, मग ड्रम काढले, मग स्वतःच्या बापाचा आवाज काढला, आणि शेवटी जे उरलं ते ऐकत तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळचे अकरा वाजले असतील. गोंदियातल्या आमच्या बैठकीत तीन पायांवर कॅमेरा उभा, खिडकीला पांढरा कपडा बांधलेला, टीपॉयवर लॅपटॉप, आणि मी नवा शर्ट घालून हातात चहा धरून बसलेलो. तिने दिलेला हेडफोन मी एकाच कानावर चढवला होता. दुसरा कान मी कायम मोकळा ठेवतो. लग्नांत आणि सभांत लाऊडस्पीकर लावायचो तेव्हापासूनची ही सवय आहे. उजव्या कानात येत होतं: थप, थप, थप, सर्र. पुन्हा थप, थप, थप, सर्र. "काका, हाच ना तुमचा तो डबा?" समीक्षाने विचारलं. "हो," मी म्हणालो. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, म्हणजे तो हो आत गेला. तिने मान हलवून स्वतःच्या हेडफोनने पुन्हा दोन्ही कान झाकून घेतले. आणि मग माझ्या डाव्या कानात, मोकळ्या कानात, मागच्या अंगणातून आलं: थप, थप, थप, सर्र. अल्का, माझी बायको, पाहुणीच्या जेवणाचा तांदूळ पाखडत होती. एक आवाज बत्तीस वर्षांपूर्वीचा आणि एक आत्ताचा, दोन्ही एकाच चालीने चालले होते. हात एकच होता, हे कळायला मला कुठलाही कॉम्प्युटर लागला नाही. चहा बशीत सांडला. "गरम आहे का, काका?" समीक्षा म्हणाली. मी म्हटलं, हो, गरम आहे. दोन मिनिटांत हा माझा दुसरा खोटा हो होता.

या जिल्ह्यात वाजतं आणि मला ऐकू येत नाही असं काही नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. फुशारकीनेच म्हणत आलो, कबूल आहे. आमगावच्या बाजारातून सायकलने जाताना कोणाच्या रेडिओचा कोणता कंडेन्सर बसत आलाय हे मी रस्त्यावरून सांगायचो आणि दुसऱ्या दिवशी तो रेडिओ माझ्याच दुकानात यायचा. आता दुकान नाही. मुलगा संघदीप नागपूरहून मोठा टीव्ही आणून भिंतीला लावून गेला, त्याला इंटरनेट जोडलं, आणि तेव्हापासून मी एकच गोष्ट पाहतो. कॉलनीतले माझ्या वयाचे लोक बातम्या पाहतात, एकमेकांवर चिडतात. मी जुने इंग्रजी रॉक अल्बम कसे तयार झाले त्यांच्या डॉक्युमेंटऱ्या पाहतो. त्या सगळ्या साधारण सारख्याच असतात. वादक म्हातारे झालेले असतात, कोणी मेलेला असतो, दोघांचं भांडण अजून मिटलेलं नसतं. पण मी ज्याची वाट पाहतो तो माणूस वेगळाच असतो. ढगळ शर्टातला एक गोरा म्हातारा बटणांनी भरलेल्या लांबलचक टेबलासमोर येऊन बसतो. गाणं लावतो. मग एकेक बटण खाली सरकवत जातो, बाकी सगळं विझतं, आणि जगाने हजारदा ऐकलेल्या त्या गाण्यातून एकाच माणसाचा गळा उरतो, किंवा नुसती बोटं तारेवर घासल्याचा आवाज. म्हातारा डोळे मिटतो आणि बारीक हसतो. खाली पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव येतं आणि नावाखाली त्याने काय केलं ते. इंग्रजी मला निम्मं कळत नाही, पण बोटं कळतात. त्या क्षणी मी दरवेळी डोळे पुसतो. अल्का मागून जाता जाता म्हणते, "काऊन जी, कोन मेलं?" तिला मी काय सांगणार? मला ती खुर्ची हवी होती. हनुवटीखाली पांढरी अक्षरं हवी होती: ताराचंद, ध्वनिमुद्रण. कोणत्या बाजूने चेहरा बरा दिसतो हे मी आरशात पाहूनसुद्धा ठेवलं होतं.

आणि खुर्ची खरंच चालत घरी आली, आमच्या बँडवर फिल्म करायला निघालेल्या समीक्षाबरोबर. आमच्या बँडने एकच कॅसेट काढली होती, ब्याण्णव साली. बँडचं नाव 'सिंगल फेज', कारण तेव्हा आमगावात बहुतेक वेळ विजेचा तेवढाच फेज असायचा. कॅसेटचं नाव 'धुराडं'. गाणी लिहायचा आणि गायचा बुद्धभूषण, समीक्षाचा बाप. पोस्टात होता. नागपूरच्या फुटपाथवरून इंग्रजी रॉकच्या कॅसेटा आणायचा, आणि चौदा एप्रिलच्या स्टेजवर भीमगीतं म्हणून घडलेला त्याचा गळा त्या गाण्यांत घालून पाहायचा. "त्याईच्या गान्यात जो राग आहे ना भाऊ, तो आपलाच आहे," तो म्हणायचा, "फक्त त्याईचा अॅम्प्लिफायर मोठा आहे." मग मी अॅम्प्लिफायर बनवला. गिटारही बुद्धभूषणच वाजवायचा; ती गावच्या सुताराने सागाची घडवली, तिच्या तारांखाली मी टेलिफोनच्या रिसिव्हरमधली कॉइल बसवली. ड्रमवर बाबूलाल, चिचगडचा, कचारगडच्या जत्रेत लहानपणापासून ढोल वाजवत मोठा झालेला. त्याला इंग्रजी ठेका सांगावा लागला नाही, फक्त बसून वाजवायचं एवढं शिकवावं लागलं. कॅसेट निघाली, आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांत फिरली, लोकांनी घासून घासून ऐकली आणि मग सगळं संपलं. बुद्धभूषण नऊ वर्षांपूर्वी गेला. पुढे कोणी तरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली आणि कुठकुठल्या देशांतले लोक ती ऐकायला लागले. मराठी न कळणारी माणसं 'कणी' नावाचं गाणं ऐकतात, त्याखाली लिहितात, आणि बहुतेक सगळे एकच प्रश्न विचारतात.

'कणी' म्हणजे तुटका तांदूळ. मिलमध्ये अख्खा दाणा वेगळा होऊन पोत्यांत जातो आणि कणी उरते, ती कामगारांच्या घरी शिजते. बुद्धभूषणने लिहिलं होतं, 'अख्खा तांदूळ गाडीत चढला, कणी राहिली खाली'. ही ओळ तो तीनदा म्हणतो, दरवेळी जास्त चिडून, आणि मग सगळं एकदम थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही, गळा नाही. चार मात्रा काहीच नाही. नुसती एक सर्र अशी सरसर ऐकू येते. आणि पाचव्या मात्रेला तिन्ही एकत्र अशी पडतात की ऐकणारा बसल्या जागी हलतो. कोणी एक-दोन-तीन म्हणत नाही, कोणी काठी वाजवत नाही. मग हे आत आले कसे? आणि ती सरसर कशाची? संघदीप मला फोनवर हे प्रश्न वाचून दाखवायचा आणि मी त्याच्याकडून उत्तर लिहवून घ्यायचो. उत्तर असं: ताराचंद यांनी पत्र्याच्या डब्यात धान भरून तो बाबूलालच्या पायाला जोडला होता, पाय हलला की धान सरकायचं, त्या धानाच्या सरकण्यावर सगळे मोजत होते. हे मी खोटं सांगत नव्हतो. डबा होता. मी स्वतः झाळून बंद केला होता, स्वतः बांधला होता. गोंदियाच्या माणसाने ताल धरायला धान घ्यावं यापेक्षा मोठी गोष्ट काय असणार, असं मला वाटायचं आणि सांगताना अंगावर काटा यायचा. काल मी समीक्षासाठी तसाच डबा पुन्हा बनवला. तिने दोन तास वेगवेगळा उजेड टाकून त्याचं शूटिंग केलं. "काका, फिल्मचा शेवट ह्याच्यावरच," ती म्हणाली. आता तो डबा लॅपटॉपच्या बाजूला टीपॉयवर बसला होता, चकचकीत, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"बॅटरी बदल तू, मी आलो," असं म्हणून मी उठलो आणि जिन्याखाली जाऊन बाबूलालला फोन लावला. त्याला फोन लागतो तो नशिबाने, घरातून रस्त्यावर आलेला असला तरच. आज लागला. "ताराचंद भाऊ! शूटिंग चालू आहे ना? माह्या नंबर कवा आहे?" मी म्हटलं, "परवा येतेत तुह्याकडे. बाबूलाल, कणीच्या गान्यात डबा तुह्या पायाशी होता ना रे?" तिकडे एका ट्रॅक्टरच्या घरघरीतून तो ओरडला. "कोनता डबा?" मी म्हटलं, "धानाचा, पत्र्याचा. मी बांधून देल्ला होता." "अरे तो! तो त पयल्याच गान्यात फुटला ना भाऊ. सारं धान खाली सांडलं. म्या पायानं बाजूले सारला." मी विचारलं, "आन मले सांगतलं काऊन नाई?" बाबूलाल हसायला लागला. "तू तवा कोनाचं आयकून राहिला होता? सांगतलं असतं त दुसरा डबा बनवाले बसला असता, अर्धा दिवस गेला असता." "मंग तू मोजलं कशावर?" "वैनीच्या सुपावर," तो म्हणाला, आज कोणता वार आहे असं सांगावं तसा. "आमच्याकडे ढोलवाला नाचनाऱ्याचे पाय पाहून वाजवते. तठी नाचनारं कोनी नोहतं. मंग म्या वैनीचे हात पाहून राहिलो होतो. बुद्धभूषणले बी माहीत होतं. तुले नाई माहीत?" मी फोन ठेवला. मला वाटतं मी त्याला ठेवतो असंही म्हणालो नाही.

जिन्याखालची जागा थंड असते, तिथे आमचा जुना कूलर आणि दोन फुटके भोंगे पडलेले आहेत. मी त्या भोंग्यांपाशी उभा राहिलो आणि ती मिल माझ्यासमोर आली. आमगावची राइस मिल, नव्या धानाला अजून वेळ होता म्हणून बंद असलेली, तिचं गोडाऊन. 'गोडाऊन मिळालं' असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मिळालं कसं? अल्का त्या मिलमध्ये तांदूळ साफ करायला जायची, आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि मुनीमजीला विचारलं ते तिने. मुनीमजी म्हणाले, दोन दिवस वाजवा, पण दोन पोती तांदूळ निवडायचा राहिला आहे तो झाला पाहिजे. म्हणजे आमचा स्टुडिओही तिच्याच हाताने उघडला होता. आमच्याकडे माइक एक होता. चहूबाजूंनी ऐकणारा, जुना, जड. तो मी पोती उचलायच्या हुकाला खाली टांगला आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या: बुद्धभूषण दोन पावलांवर, गिटारचा अॅम्प्लिफायर पाच पावलांवर भिंतीकडे तोंड करून, बाबूलाल अकरा पावलांवर पोत्यांच्या थप्पीआड. गळा कमी वाटला तर बुद्धभूषण अर्धं पाऊल पुढे, ड्रम जास्त झाला तर बाबूलालसमोर आणखी दोन पोती. त्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या टेबलावर बटणं असतात. माझी बटणं चपला काढून चुन्यावर उभी होती. या गोष्टीचा मला अजून गर्व आहे आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही. भिंतीला मी कोंड्याची पोती लावली, मिलचा पट्टा उतरवला, कुत्रा लांब शेतात नेऊन बांधला, बाहेरून सायकलवाल्याला फिरकू दिलं नाही. रेल्वेचा मोठा मार्ग तिथून जवळच, म्हणून अल्काला दाराशी बसवलं आणि सांगितलं, गाडीचा आवाज आला की हात वर कर. तिला गाडी माझ्याआधी ऐकू यायची. एवढं सगळं बंद केलं मी. पण दाराशी बसलेल्या बाईच्या हातातलं सूप बंद कर, असं माझ्या मनात आलं नाही. बुद्धभूषणच्या मनात आलं नसेल, बाबूलालच्या तर नाहीच. आमच्याकडे सूप वाजतं असं कोणी म्हणतच नाही. आई पाखडायची, तिची आई पाखडायची, पाळण्यात आम्ही तेच ऐकत झोपलो. तो आमच्यासाठी आवाजच नव्हता.

आणि मग एक गोष्ट आठवली, जी आठवायची नव्हती. कॅसेटच्या आतला कागद छापायला द्यायचा होता, त्यावर नावं लिहायची होती. बुद्धभूषण पोस्टातून सुटून दुकानात आला होता, हातात पेन्सिल. "अल्का वैनीचं नाव टाकू ना," तो म्हणाला. मी सोल्डरिंग करत होतो, मान वर केली नाही. "तिनं का वाजवलं? ते त दाराशी बसून होती." तो जरा थांबला होता. आत्ता, जिन्याखाली, मला तो त्याचा थांबणारा श्वास ऐकू आला. मग त्याने नावं लिहिली. मिलमालकाचं आलं, सुताराचं आलं, माझं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात आलं, संकल्पना आणि ध्वनिमुद्रण दोन्ही. अल्काने ती कॅसेट बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली आणि बरीच वर्षं रोज तिच्यावरची धूळ पुसली.

अंगणात गेलो तर ती पाटावर बसलेली, समोर पितळी परात. मी दारातच उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तीनदा सूप वर जातं, दाणे उडून परत पडतात, मग चौथ्याला ती ते आडवं घोळते आणि कणी काठाकडे सरकते. तीन उडवणं, एक घोळणं. मनगट जराही घाई करत नाही. ती न पाहता म्हणाली, "चाय सांडला का?" मी म्हटलं, "अल्का, मिलमंदी कणीचं गानं झालं तवा तू पाखडून राहिली होती?" "मंग का करत होती? दोन पोते पडले होते ना." "तुले माहीत होतं का, पोट्टे तुह्या सुपावर वाजवून राहिले?" सूप थांबलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लहान झाल्यासारखं वाटलं. "माहीत कसं नाई? तुमी सगळे पळून राहिले होते. दोनदा गानं बिघडलं. तुमी त्या बाबूलालवर वरडून राहिले होते. म्या म्हनलं, यायले धरावं लागते. मंग म्या हात हळू केला. हळू केला त तेही हळू झाले." "आन ते मधी सगळे थांबतेत, तवा?" "तवा घोळलं. चारदा घोळलं आन एक उडवलं. उडवलं त ते आले." ती इतकं सोपं सांगत होती. "बत्तीस वर्सं मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला, कारण मला राग आला होता आणि तो तिचा नव्हता. तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "तुमी इचारलं कवा? आन डब्याचं सांगता तवा तुमचं तोंड मस्त दिसते जी. कायले मोडू?"

मी पायरीवर बसलो. लाज वाटली, ती लपवत नाही. कागदावरच्या त्या नावांची वाटली. डब्याचंही थोडं दुःख झालं, कारण तो डबा म्हणजे माझी खुर्ची होती, आणि गप्प बसलो तर अजूनही ती माझीच होती. समीक्षाने हो घेतलेला होता. बाबूलालला परवा मी समजावून सांगू शकलो असतो, तो माझं ऐकतो. अल्का तर बोलणारच नव्हती, तिला माझं तोंड आवडत होतं. बत्तीस वर्षं निभावलं तसं आणखी दहा वर्षं निभावलं असतं आणि नंतर कोण विचारतो! हे सगळं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याच्या खालून दुसरंच काही वर येत होतं आणि ते थांबेना. परदेशातला कोणी तरी पोरगा रात्रंदिवस ते गाणं लावून त्या चार मात्रा मोजतो, त्याला कळत नाही हे लोक आत आले कसे, आणि ती मोजणारी बाई माझ्या अंगणात पाटावर बसून दुपारचा तांदूळ निवडते आहे. माझी बायको. तिने दोन अडेलतट्टू पुरुषांना आणि माझ्यासारख्या तिसऱ्याला एका सुपावर चालवलं आणि दुसरं पोतं उघडलं. छाती अशी भरून आली की मला उठून कॉलनीभर सांगत फिरावंसं वाटलं. त्या गोऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही घरी असं कोणी नसेल. मी म्हटलं, "चाल." ती म्हणाली, "कुठी?" "आत. सूप घेऊन चाल." "मी नाई जी, साडी घरची आहे." "राहू दे घरची. तवा का शालू घातला होता?"

समीक्षा बॅटरी बदलून बसली होती. मी म्हटलं, "दिवा चालू कर बेटा. मघाचा माह्या हो खोटा होता." तिने दिवा चालू केला. मी डबा उचलला आणि टीपॉयखाली ठेवला, आणि अल्काला माझ्या खुर्चीत बसवलं. मी आरशात पाहून ठरवलेल्या कोनात ठेवलेली ती खुर्ची. अल्का तिच्यात टेकून बसली नाही, पुढे काठावर बसली, मांडीवर सूप. मी तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवला, तिच्या अंबाड्यात तो अडकला, समीक्षाने सोडवला. मग मी लॅपटॉपपाशी वाकलो. पडद्यावर चार पट्ट्या होत्या. वरणभात कालवल्यावर कोणी पुन्हा वरण वेगळं आणि भात वेगळा काढून द्यावा तसं त्या पोरीने आमचं गाणं काढलं होतं. मी 'कणी' सुरुवातीपासून लावलं. गिटार खाली नेली. ड्रम खाली नेले. बुद्धभूषणच्या पट्टीवर बोट ठेवलं तेव्हा समीक्षाने तोंड फिरवलं. मघाशीही तिने ती पट्टी फार घाईने काढली होती. मी ती हळूच खाली नेली, तो मला काही म्हणाला नसता. खोलीत आता काहीच वाजत नव्हतं. जे वाजत होतं ते अल्काच्या कानांत होतं.

तिने डोळे मिटले. तिच्या अंगठ्याचं टोक सुपाच्या काठावर हलत होतं, तीन आणि एक, तीन आणि एक. मग ती म्हणाली, मोठ्याने, कान झाकलेली माणसं बोलतात तशी, "लुचई आहे." समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. "तांदूळ," अल्का म्हणाली. "लुचई. जड असते, म्हनून थप असा खाली बसते. बारीक असता त एवढा नाई वाजला असता." पुन्हा ऐकलं. "हवा दमट होती त्या दिशी. कोंडा उडून नाई राहिला, चिपकून राहिला. म्हनून घोळाले वेळ लागते, सर्र लंबं येते." मी तिथेच लॅपटॉपवर वाकलेला राहिलो. माइक मी टांगला होता, रेघा मी मारल्या होत्या, आणि त्या दिवशी हवा दमट होती हे मला माहीत नव्हतं. अल्काने एकदम एक हात वर केला, गाडी आली की करायची तसा, आणि मला कळलं की थांबायची जागा आली. मी बोटं पट्ट्यांवर ठेवली. तिचा हात वर तसाच. एक, दोन, तीन, चार. हात खाली आला आणि मी सगळ्या पट्ट्या एकदम वर केल्या, हेडफोनची पिन ओढून काढली, आणि गोंदियातल्या आमच्या बैठकीत बुद्धभूषण, बाबूलाल, सागाची गिटार, सगळे तिच्या हाताखाली येऊन पडले. समीक्षा रडायला लागली. मीही रडत होतो, पण यावेळी कोण मेलं असं कोणी विचारलं नाही.

गाणं संपल्यावर समीक्षाने नाक पुसून वही काढली. "काकू, खाली नाव येईल तुमचं. नावाखाली काय लिहू?" अल्का माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "लिही, अल्का. आन खाली लिही, सूप. ड्रमवाल्याच्या खाली ड्रम लिवतेत का नाई? तसं." समीक्षाने लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, मी पाहिलं. "आणि काका, तुमच्या नावाखाली ध्वनिमुद्रण ठेवू ना?" अल्काने हेडफोन काढून गळ्यात घेतला होता. ती उठली, सूप काखेत मारलं, आणि दाराकडे जाता जाता टीपॉयखाली वाकून पाहिलं. "त्याईच्या खाली लिहा, डबा," ती म्हणाली. लाल दिवा चालू होता, म्हणजे तेही आत गेलं.